शेतघरासाठी .३२ रिव्हॉल्व्हर: टिकाऊ आणि परवडणारं कोणतं, काडतुसं कोणती?

राजगडपायथा
परवाना मंजूर झाला आहे. पुणे ग्रामीण हद्द, नॉन प्रोहिबिटेड बोअर (म्हणजे प्रतिबंधित नसलेला नळीचा व्यास), एक हँडगन. घर वेल्ह्याकडे शेतावर, शेजार लांब. पिस्तूल नको, रिव्हॉल्व्हरच घ्यायचं हे ठरलं आहे. दोन गोष्टी हव्यात: एकदा घेतलं की पंधरा-वीस वर्षं कुरकुर न करता चालावं, आणि काडतुसं पुण्यात नियमित मिळावीत. जुनं विलायती घ्यावं असा एका बाजूचा सल्ला, नवं कानपूरचं घ्यावं असा दुसऱ्या बाजूचा. इथल्या जाणकारांनी मॉडेल, काडतूस आणि दुकानात तपासायचं काय, हे सगळं सविस्तर सांगावं.

खडकीवाला
सुरुवात काडतुसापासून करा, हत्यारापासून नको. हत्यार एकदाच घेतलं जातं, काडतुसं आयुष्यभर घ्यावी लागतात. जे काडतूस दर महिन्याला दुकानात दिसतं, त्याचंच रिव्हॉल्व्हर घ्यायचं.

आपल्याकडे निवड कायद्यानेच आखून दिलेली आहे. शस्त्र नियम २०१६ च्या पहिल्या अनुसूचीत .३८० आणि .४५५ ची रिमवाली काडतुसं, तसंच सैन्याची ९ मिमी आणि .४५ ची काडतुसं ज्यात बसतात आणि चालतात ती पिस्तुलं व रिव्हॉल्व्हरं वरच्या प्रतिबंधित वर्गात टाकली आहेत. म्हणून तुमच्या परवान्यावर व्यवहारात दोनच बोअर उरतात, .३२ आणि .२२.

.३२ म्हणजे नेमकं काय, इथे दुकानातसुद्धा घोळ होतो. रिव्हॉल्व्हरचं काडतूस आहे .३२ स्मिथ अँड वेसन लाँग, १८९६ चं डिझाइन. बुडाला पूर्ण कडा, पुंगळीची (काडतुसाच्या पितळी कवचाची) लांबी सुमारे २३ मिमी, म्हणून कागदावर कधी ७.६५ x २३ असंही लिहितात. पिस्तुलाचं .३२ वेगळं, त्याला .३२ एसीपी म्हणतात, पुंगळी १७ मिमीची आणि कडा अगदी अरुंद. एसीपीचं काडतूस बऱ्याच रिव्हॉल्व्हरच्या घरात (सिलिंडरमध्ये काडतूस बसतं त्या भोकात) शिरतं, आणि धोका तिथेच आहे. त्याचा कमाल दाब सुमारे २०,५०० पीएसआय, लाँगचा १५,००० च्या आसपास. शिवाय अरुंद कडेमुळे ते घरात नीट टेकत नाही, पुढे सरकतं, घोडा (मागून ठोका देणारा भाग) पडूनही उडत नाही. पावती करण्याआधी खोक्यावर आणि काडतुसाच्या बुडावर काय लिहिलंय ते दोन्ही वाचा.

बुडावर ‘केएफ’ छाप दिसला तर माल खडकीचा. तिथला दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा आहे आणि २०२१ पासून म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे, जिचं मुख्यालय पुण्यातच आहे.

नळीआणिचाप
मॉडेलबद्दल लिहितो. .३२ मध्ये नवं घ्यायचं तर मुख्यतः कानपूरचा माल आणि काही खाजगी देशी उत्पादक. वेब्ली अँड स्कॉट नावाने आता उत्तर प्रदेशातल्या हरदोई जिल्ह्यात .३२ रिव्हॉल्व्हर बनतं.

आयओएफ (इंडियन ऑर्डनन्स फॅक्टरीज, म्हणजे सरकारी कारखान्याचं) .३२ हे सगळ्यात जास्त विकलं गेलेलं. पोलादी, ७६ मिमी नळी, सहा घरांचा सिलिंडर, रिकामं वजन सुमारे ७०० ग्रॅम. रचना जुन्या वेब्ली मार्क ४ वरून घेतलेली, वरून मोडून उघडणारी. नळी खाली झुकली की सिलिंडरमागचा चांदणीच्या आकाराचा भाग, म्हणजे तारा, पुंगळ्या आपोआप वर उचलतो. घोडा अडवणारा आडवा खटका वेगळा दिलेला आहे.

निर्भीक २०१४ च्या जानेवारीत आलं. टायटॅनियम मिश्रधातू, वजन ५०० ग्रॅम, तेव्हाची किंमत १,२२,३६० रुपये. पर्समध्ये किंवा कमरेला रोज बाळगायचं असेल तर वजनाचा फायदा खरा आहे. पण घरच्या कपाटात राहणाऱ्या हत्याराला दोनशे ग्रॅम कमी झाल्याने काहीच मिळत नाही. उलट तेच काडतूस ७०० ऐवजी ५०० ग्रॅममधून उडवलं तर मागे येणाऱ्या धक्क्याची ऊर्जा साधारण ४० टक्क्यांनी वाढते. .३२ चा धक्का मुळात सौम्य, त्यामुळे हात दुखणार नाही, पण दुसरी गोळी पहिल्याच्या जवळ पाडणं अवघड जातं.

प्रबल ऑगस्ट २०२३ चं. .३२ च, वजन ७०० ग्रॅम, नळी ७६ मिमी, पण सिलिंडर बाजूला उघडतो. टिकाऊपणाच्या दृष्टीने मला ही रचना जास्त पटते. वरून मोडणाऱ्या रिव्हॉल्व्हरमध्ये संपूर्ण ताण बिजागरीची पिन आणि वरची कडी या दोन ठिकाणी येतो, आणि तिथली झीज म्हणजे अख्खी नळी डुगडुगणं. बाजूला उघडणाऱ्या रचनेत चौकट एकसंध असते. प्रबलची परिणामकारक मर्यादा ५० मीटर जाहीर केली आहे. लहान नळी आणि स्थिर माशीवर (नळीच्या टोकावरच्या नेम धरायच्या खुंटावर) तो आकडा मनात धरू नका, सराव ७ ते १० मीटरवरच करा.

बजेट करताना कर विसरू नका. सप्टेंबर २०२५ पासून रिव्हॉल्व्हर-पिस्तुलांवरचा जीएसटी २८ वरून ४० टक्के झाला आहे. त्यामुळे दुकानदाराने सांगितलेला आकडा करासहित की कराविना, हे लेखी घ्या.

पर्वतीकडे
निदार रिव्हॉल्व्हरचा विचार का नको? .२२, आठ गोळ्या, वजन जेमतेम २५० ग्रॅम, किमतीत बरंच खाली, काडतूसही स्वस्त. हाताला जोर कमी असणाऱ्याला तेच झेपतं.

खडकीवाला
झेपतं हे बरोबर, पण या कामासाठी मी .२२ सुचवणार नाही, आणि कारण ताकदीपेक्षा भरवशाचं आहे. .२२ रिमफायर आहे. पेटणारा मसाला बुडाच्या कडेत ओल्या पेस्टच्या रूपात फिरवून बसवलेला असतो. तो एखाद्या जागी पातळ राहिला आणि पिन नेमकी तिथेच पडली, तर काडतूस उडत नाही. सेंटरफायरमध्ये मसाला मधल्या वेगळ्या टोपीत असतो, म्हणून न उडण्याचं प्रमाण बरंच कमी. सरावासाठी .२२ उत्तम आहे, त्याबद्दल वाद नाही. शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका परवान्यावर दोन शस्त्रं ठेवता येतात, तेव्हा पुढे जोड म्हणून जरूर घ्यावं.

आणखी एक, निदारवर रिकामा चाप ओढायचा नाही. रिमफायरची पिन थेट घराच्या काठावर आदळते आणि तिथे खाच पडते. मग काडतूस आत जायला अडतं.

जुनंलोखंड
विलायती जुन्याबद्दल. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून खाजगी आयात बंद आहे, म्हणून जुनं स्मिथ अँड वेसन किंवा वेब्ली मिळतं ते इथल्याच हातून फिरलेलं, आणि नावामुळे किंमत चढलेली. धातूकाम सुंदर असतं, चाप लोण्यासारखा चालतो. पण सुटा भाग मिळत नाही. फिरवणारा हात झिजला किंवा पिनेचं टोक तुटलं तर कारागीर हाताने घडवून देईल, आणि तो भाग किती टिकेल ते त्याच्या उष्णोपचारावर. परवडणारं आणि टिकाऊ या दोन अटी धरल्या तर जुनं विलायती बाहेर पडतं. तरी घ्यायचंच असेल, किंवा वापरलेलं आयओएफ घ्यायचं असेल, तर खालच्या गोष्टी दुकानातच पाहा. नव्या हत्यारालाही त्या तितक्याच लागू आहेत, कारण कारखान्यातून येणाऱ्या नगांमध्ये फरक असतो.

पहिलं काम म्हणजे सिलिंडर उघडून सहाही घरं रिकामी आहेत हे डोळ्याने पाहणं आणि बोटाने चाचपणं. नंतरच बाकीचं.

चाप पूर्ण मागे दाबून धरा, घोडा खाली. अशा स्थितीत सिलिंडर डाव्या-उजव्या बाजूला हलवून पाहा. किंचित हालचाल चालते, खटखट आवाज येईल इतकी नाही. मग तोच सिलिंडर पुढे-मागे हलवा. इथे खेळ जाणवला तर टेकू झिजला आहे, दर गोळीला सिलिंडर मागेपुढे आपटतो आणि झीज आणखी वाढत जाते.

सिलिंडर आणि नळी यांच्यातली फट मोजायला फीलर गेज (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांचं मापक) लागतो, नाना पेठेत गाडीच्या सुट्या भागांच्या दुकानात मिळतो. ०.१० ते ०.२० मिमी चांगली. ०.२५ च्या वर गेली तर बाजूने ज्वाळा आणि शिशाचे कण उडतात, गोळीचा वेग घटतो. ०.०५ पेक्षा कमी असेल तर काजळी साचून दहा-बारा गोळ्यांत सिलिंडर अडकायला लागतो. सहाही घरांवर मोजा. एकाच घराला फट वेगळी आली तर सिलिंडर किंवा त्याची दांडी वाकडी आहे.

टायमिंग ही सर्वांत महत्त्वाची चाचणी. सिलिंडरला बोटाने अगदी हलका विरोध करत घोडा अंगठ्याने हळूहळू मागे घ्या. घोडा पूर्ण मागे अडकण्याआधी किंवा त्याच क्षणी सिलिंडर ‘टक’ करून कुलूप झाला पाहिजे. घोडा अडकला आणि सिलिंडर अजून थोडा फिरायचा बाकी असेल तर घर नळीच्या समोर आलेलं नाही. गोळी काठाला घासून तासली जाईल आणि तो शिशाचा तुकडा बाजूने उडून शेजारी उभ्या माणसाच्या गालात शिरेल. हीही चाचणी सहाही घरांवर. पाच ठीक आणि एक मागे, असं बऱ्याचदा निघतं.

घोडा मागे अडकवून, चापाला हात न लावता, अंगठ्याने घोड्याला पुढे बेताचा रेटा द्या. तो पडला तर व्यवहार तिथेच थांबवा.

नळीच्या मागच्या तोंडाचा निमुळता भाग टॉर्चने पाहा, भेगा आणि खड्डे तिथेच आधी येतात. मग पांढरा कागद मागे धरून नळीत डोकावा. आटे (नळीच्या आतल्या वळणदार खाचा) कडेला धारदार दिसले पाहिजेत. मधेच एखादी अंगठीसारखी काळी छटा दिसली तर कधीतरी आत गोळी अडकलेली असताना दुसरी उडवली गेली आहे आणि नळी तिथे फुगली आहे. बाहेरून बोट फिरवलं तरी उंचवटा लागतो.

वरून मोडणाऱ्यात आणखी एक: कडी बंद करून नळी एका हाताने आणि मूठ दुसऱ्या हाताने धरा, वर-खाली आणि आडवी हलवा. शून्य हालचाल हवी.

शेवटी मुठीची लाकडं काढून पाहायला सांगा. घाम आणि पावसाळी दमट हवा तिथे गंज धरते, बाहेरचं काळं पॉलिश मात्र नवं करून घेतलेलं असतं. स्क्रूच्या खाचा कुरतडलेल्या दिसल्या तर कुणीतरी आत हात घातला आहे.

राजगडपायथा
फार उपयोगी. दुकानदार एवढं तपासू देईल का? आणि आयओएफचा चाप जड असतो असं सगळेच म्हणतात. स्प्रिंग कापून हलका करून देणारे आहेत, करून घ्यावा का?

जुनंलोखंड
रिकाम्या हत्यारावर, दुकानदारासमोर, त्याला विचारून केलेल्या तपासणीला चांगला दुकानदार नाही म्हणत नाही. म्हणालाच तर कॅम्पात दुसरी दुकानं आहेत.

स्प्रिंग अजिबात कापू नका. मुख्य स्प्रिंग घोड्याला ऊर्जा देते. ती कापली की चाप हलका वाटतो आणि टोपीवरचा ठोका उथळ पडतो, मग ऐन वेळी नुसती ‘टिक’. आपल्या काडतुसांच्या टोप्या टणक असल्यामुळे तर जास्तच. चाप मोजायचा असेल तर सामान तोलायचा हुकवाला डिजिटल काटा पुरतो. हत्यार रिकामं, नळी सुरक्षित दिशेला, हुक चापाच्या मध्यावर. घोडा न चढवता ५ ते ६ किलो हा या जातीच्या रिव्हॉल्व्हरचा नेहमीचा भार आहे, घोडा चढवून त्याच्या निम्म्याहून कमी. ७ किलोच्या पुढे गेलं आणि ओढताना मधे करकर लागली तर तो नग बदलून मागा.

जडपणावर उपाय म्हणजे नकली काडतुसं घालून कोरडा सराव. सहा स्नॅप कॅप घ्या. खऱ्या काडतुसांचं खोकं दुसऱ्या खोलीत ठेवून, भिंतीवरच्या ठिपक्यावर माशी न हलवता चाप पूर्ण ओढायचा. घोड्यालाच पिन जोडलेली असते त्या जुन्या हत्यारांत स्नॅप कॅपशिवाय असा सराव केला की पिनेचं टोक तडकतं.

दहामीटर
काडतुसाच्या प्रकाराबद्दल कुणी लिहिलं नाही, ते मी लिहितो.

.३२ लाँगची नेहमीची गोळी ९८ ग्रेन, म्हणजे ६.३५ ग्रॅम, वेग सेकंदाला साधारण २१५ मीटर. ऊर्जा १५० ज्यूलच्या आसपास येते, ९ मिमीच्या जवळपास एक तृतीयांश. या काडतुसाची खरी ताकद अचूकता आहे. २५ मीटर सेंटरफायर स्पर्धेत जगभर हेच चालतं, त्यात गोळी सपाट तोंडाची असते आणि पुंगळीच्या काठाबरोबर बसवलेली असते. तिला वॉडकटर म्हणतात. कागदाला स्वच्छ गोल भोक पडतं.

घरासाठी कोणती? गोल तोंडाची साधी गोळी. पोकळ टोकाच्या गोळीमागे लागू नका. तिला फुलायला वेग लागतो आणि ७६ मिमी नळीतून .३२ लाँगला तो मिळत नाही, म्हणजे पैसे जास्त आणि काम साध्या गोळीचंच. शिशाची उघडी गोळी नळीवर कमी झीज करते, पण आट्यांत शिसं चिकटतं. जस्ता-तांब्याचं कवच असलेली गोळी स्वच्छ जाते. दोन्ही चालतात, मिसळून वापरू नका, कारण वजन आणि वेग बदलला की गोळी वर-खाली पडते. लहान नळीच्या स्थिर माशीवर हलकी वेगवान गोळी खाली लागते, जड संथ गोळी वर. हे सवयीच्या उलट वाटेल. पण जड गोळी नळीत जास्त वेळ राहते आणि तोवर नळीचं तोंड धक्क्याने थोडं उचललेलं असतं.

घेताना एकाच लॉटची घ्या, लॉट नंबर खोक्यावर असतो. दुकानातच प्रत्येक काडतूस पाहा. टोपी बुडाच्या पातळीपेक्षा कणभर खाली हवी. वर आलेली असेल तर सिलिंडर फिरताना मागच्या चौकटीला घासतो आणि अडकतो, लोक दोष हत्याराला देतात. गोळी दोन बोटांत धरून फिरवून पाहा, ती पुंगळीत हलता कामा नये. पुंगळीच्या तोंडाशी उभी चीर, हिरवी कळा, दाबलेली जागा, यातलं काहीही असेल तर परत.

आता सगळ्यात महत्त्वाचं. नव्या हत्यारातून परवानगी असलेल्या रेंजवर किमान ३० गोळ्या उडवल्याशिवाय त्यावर विसंबू नका. सहा घरांवर बाहेरून पेन्सिलने १ ते ६ लिहा आणि प्रत्येक घरातून पाच उडवा. न उडालेलं काडतूस कोणत्या घरातलं ते टिपून ठेवा. एकाच घरात पुन्हापुन्हा होत असेल तर दोष त्या घराचा. वेगवेगळ्या घरांत होत असेल तर टोपीवरची खूण पाहा. खूण खोल असून उडालं नाही तर काडतूस खराब. खूण उथळ किंवा मध्याच्या बाजूला असेल तर स्प्रिंग, पिन किंवा टायमिंग.

पर्वतीकडे
न उडालेल्या काडतुसाचं लगेच काय करायचं तेही स्पष्ट लिहा, नवा माणूस तिथेच चुकतो. चाप ओढला, आवाज नाही, की तो नळीत डोकावायला हत्यार वळवतो.

दहामीटर
बरोबर. नळी निशाणाकडेच ठेवायची आणि मनात तीस मोजायचे. कधी मसाला उशिरा पेट घेतो. तीस सेकंदांनंतर सिलिंडर उघडून ते काडतूस बाजूला काढायचं. घाईने पुन्हा चाप ओढला तर पुढचं घर वर येतं आणि उशिरा पेटणारं काडतूस नळीसमोर नसताना उडू शकतं. रिव्हॉल्व्हरमध्ये हा धोका खास आहे.

याहून वाईट म्हणजे ‘फुस्स’ असा दबका आवाज आणि धक्काच नाही. म्हणजे दारू पेटली नाही, नुसत्या टोपीच्या जोराने गोळी नळीत शिरून अडकली. तिथेच थांबायचं. सिलिंडर रिकामा करून नळीत काडी घालून पाहायचं. अडकलेली असेल तर लाकडी किंवा पितळी दांडीने कारागिराकडून ठोकून काढायची. लोखंडी सळई आटे खराब करते. वर जी फुगलेली नळी लिहिली आहे ती अशीच होते. सिलिंडर आणि नळीच्या मधल्या फटीत गोळी अर्धी राहिली तर सिलिंडर फिरत नाही आणि उघडतही नाही. अशा वेळी जोर करायचा नाही.

मुळशीपाऊस
वेल्हे म्हटलं म्हणून पावसाळ्याचं लिहितो. जून ते सप्टेंबर तिकडे भिंतींना पाणी सुटतं, आणि रिव्हॉल्व्हर गोळ्यांनी मरत नाही, गंजाने मरतं.

चामड्याच्या म्यानात हत्यार ठेवून कपाट बंद करायचं नाही. चामडं ओल धरतं आणि कमावताना वापरलेली रसायनं काळ्या पॉलिशखाली ठिपके पाडतात. काडतुसांच्या चामडी पट्ट्याचंही तेच, पितळेवर हिरवी कळा तिथेच चढते. म्यान बाळगण्यासाठी, ठेवण्यासाठी नाही. ठेवायला हवाबंद झाकणाचा डबा, आत सिलिका जेलच्या पुड्या. रंग बदलणारं जेल घ्या, निळ्याचं गुलाबी झालं की तव्यावर मंद आचेवर गरम करून पुन्हा वापरता येतं.

सफाईची रीत: सहाही घरं रिकामी केल्याची खात्री. नळीत .३२ चा फॉस्फर ब्राँझ ब्रश सॉल्व्हंटमध्ये बुडवून दहा-बारा फेऱ्या, दहा मिनिटं थांबून सुती चिंध्या स्वच्छ निघेपर्यंत. मग हेच सहा घरांना. शिसं राहिलं असेल तर आट्यांत राखाडी पट्टे दिसतात, ब्रश पुन्हा. जुन्या साठ्यातली काडतुसं उडवली असतील तर आधी नळी गरम पाण्याने धुवा, कारण काही जुन्या टोप्यांच्या मसाल्याचा क्षार मागे राहतो आणि तो तेलात विरघळत नाही. पाण्यानंतर पूर्ण कोरडी करून मगच तेल.

पुंगळ्या उचलणाऱ्या ताऱ्याखाली टूथब्रश जरूर फिरवा. न जळलेल्या दारूचा एक कण तिथे बसला की तारा नीट टेकत नाही, काडतुसं मागे सरकून राहतात आणि सिलिंडर जाम होतो. रेंजवर सिलिंडर अडकला की निम्म्या वेळा कारण हेच निघतं.

तेल अगदी पातळ, चिंधीने पुसल्यावर बोटाला जेमतेम लागेल इतकं. घरांत तेल शिल्लक ठेवायचं नाही. ते टोपीत झिरपून काडतूस निकामी करतं, शिवाय तेलकट घरात पुंगळी भिंतींना पकड घेत नाही आणि सगळा दाब मागच्या चौकटीवर येतो. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी, बाकी वेळी महिन्यातून एकदा पुसायचं, न वापरलं तरीही.

आणि सिलिंडर मनगटाच्या झटक्याने बंद करू नका. बाजूला उघडणाऱ्याची दांडी वाकते आणि टायमिंग बिघडतं, मोडून उघडणाऱ्याची कडी झिजते. दोन्ही हातांनी दाबून बंद.

नळीआणिचाप
यात एक भर. मोडून उघडणाऱ्यातून रिकाम्या पुंगळ्या काढताना नळी वर करून एका दमात पूर्ण उघडा. नळी जमिनीकडे ठेवून हळू उघडलं तर पुंगळी ताऱ्याखाली घसरते आणि ना हत्यार बंद होतं ना पुंगळी निघते.

घोडेगावकर
कागदपत्रांकडे दुर्लक्ष नको. ग्रामीणला परवाना अधिकारी जिल्हाधिकारी, शहरात पुणे पोलीस आयुक्त आणि पिंपरी-चिंचवडला तिथलं स्वतंत्र आयुक्तालय. २०१९ पासून परवान्याची मुदत पाच वर्षं. काडतुसांची एका वेळची आणि वर्षाची मर्यादा परवान्यावर लिहिलेली असते, दुकानदाराच्या प्रत्येक नोंदीची छायाप्रत ठेवा. व्यक्तीकडून वापरलेलं घेणार असाल तर विकणाऱ्याने आधी जिल्हा दंडाधिकारी किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवायचं आणि ४५ दिवस थांबायचं, हे शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ५ मध्ये आहे. दुकानदारामार्फत घेणं त्यापेक्षा सुटसुटीत.

बाहेर नेताना म्यानात किंवा पेटीत. लग्नात, वरातीत हवेत बार हा आता स्वतंत्र गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. निवडणुकीत जमा करण्याचा आदेश आला की जमा करून पावती घ्या, आणि देण्याआधी तेल लावा, कारण तिथे पडून राहण्यात आठवडे जातात.

शेतावर डुक्कर आणि बिबट्या हा विषय निघणारच. त्यासाठी रिव्हॉल्व्हर नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ आड येतो, आणि १५० ज्यूलच्या गोळीने जखमी झालेलं जनावर वस्तीला आधीपेक्षा धोकादायक ठरतं. वन विभागाला फोन करा.

राजगडपायथा
सगळ्यांचे मनापासून आभार. नवं पोलादी .३२ हे नक्की. प्रबल आणि आयओएफ दोन्ही हातात घेऊन, गेज आणि काटा लावून जे बरं उतरेल ते घेतो. शेवटचे दोन प्रश्न. घरी लहान मुलं आहेत, तर ठेवायचं कसं? आणि सिलिंडरमध्ये सहा भरायची की पाच?

जुनंलोखंड
पाच-सहाचा प्रश्न घोड्याच्या अडसरावर अवलंबून आहे. आतला अडसर घोडा आणि टोपी यांच्यामध्ये येत असेल तर सहा चालतात. जुन्या विलायती मालात, विशेषतः दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच्या, तो नसतो किंवा झिजलेला असतो. अशा वेळी घोड्याखालचं घर रिकामं ठेवून पाचच. पडलं आणि घोड्यावर आपटलं तरी बार होता कामा नये.

खडकीवाला
मुलं आहेत तर भरलेलं ठेवायचंच नाही. भिंतीत किंवा जमिनीत बोल्ट केलेली छोटी पोलादी तिजोरी, त्यात रिकामं रिव्हॉल्व्हर. काडतुसं वेगळ्या कुलपात, किल्ल्या वेगळ्या, कपाटावर किंवा उशीखाली काही नाही. मोडून उघडणारं असेल तर उघड्या अवस्थेत नळीतून आणि रिकाम्या घरातून केबल कुलूप घालता येतं, बाजूला उघडणारं असेल तर चौकटीच्या वरच्या पट्टीखालून किंवा नळीतून. कुलूप असताना हत्यार बंदच होत नाही, हे एका नजरेत दिसतं.

काडतुसांची वाटणीही आत्ताच ठरवा. समजा एका वेळी ५० ची मुभा आहे. १२ घरासाठी राखीव, ३० पहिल्या चाचणीला, उरलेली ८ पुढच्या सरावाला. राखीव १२ काडतुसांवर घेतल्याची तारीख चिकटवा. नवी आली की जुनी बारा सरावात उडवायची आणि नवी राखीवमध्ये टाकायची. तीच काडतुसं वारंवार भरू-काढू नका, पितळेवर चरे पडतात आणि गोळी सैल होते. सरावाच्या पुंगळ्या मोजून परत घ्या, पुढची खरेदी करताना जुन्या काडतुसांचा हिशोब विचारला जाऊ शकतो.